सोयरीक धारची, प्रबंध समाजशास्त्राचा

पदवीचे निकाल लागले की आमच्या ओट्यावर पालकांची वर्दळ सुरू होते. बी.एड.चा अर्ज कधी निघतो, नर्सिंगला किती खर्च येतो, आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, अशी चौकशी चालते. पेशाने शाळामास्तर आणि त्यात शिक्षण समितीचे सभासद, त्यामुळे गावच्या लेखी आम्ही म्हणजे माहितीचे दुकान. मात्र ‘समाजशास्त्रात एम.ए. करून पुढे पीएच.डी. करायची आहे, काय काय लागेल?’ असे विचारायला इतक्या वर्षांत एकच मुलगी आली. तिला आम्ही काय सांगितले ते आज लिहिताना लाज वाटते. ‘अगं, समाजशास्त्रावर कोणाचे पोट भरले आहे? बी.एड. कर आणि मोकळी हो.’ पोरीने मान खाली घालून ऐकून घेतले आणि निघून गेली. बी.एड. तिने केले नाही. पुढे तिची सोयरीक माळव्यात जमली, लग्न होऊन ती धारला गेली आणि आमच्या मनातूनही ती गेली.

गेल्या श्रावणात तिचा फोन आला. ‘सर, पीएच.डी.ची नोंदणी झाली. समाजशास्त्रातच. एकदा या, मांडवगड दाखवते.’ समितीतले एक सहकारी बरोबर घेऊन आम्ही निघालो. इंदूरपर्यंत रेल्वे, तेथून धारपर्यंत बस.

धारच्या घरी मराठीच बोलली जाते, पण तिचा बाज वेगळा. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘मास्तर, बसा, चहा बनून राहिला आहे.’ आमचे सहकारी गालात हसले. आम्ही त्यांना नजरेनेच दटावले. आपल्या सीमाभागातील मराठीत कानडीचे हेल कमी आहेत काय? तीन-चार पिढ्या परमुलखात राहून घरात मराठी टिकवायची म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

माळव्यातली मराठी काही पोट भरायला गेलेल्यांची नव्हे. १७२८ साली चिमाजीअप्पांनी धारजवळच्या अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादूराचा पाडाव केला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. धारला पवारांची गादी आली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंची थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. दुसरे बाजीराव पेशवे जन्मले तेही धारच्याच किल्ल्यात. दोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे मराठ्यांची राज्ये होती. ती १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात गेली. ही तारीख आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. त्याच दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो. फरक इतकाच की आपल्याकडे गावेच्या गावे मराठी होती म्हणून प्रश्न उभा राहिला, आणि तेथे मराठी राज्यकर्त्यांची, कारकुनांची, भिक्षुकांची असल्याने प्रश्न उभाच राहिला नाही. राज्य गेले आणि मराठी घरात येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडूला गेलो. पावसाने गड हिरवागार झाला होता, जहाज महालाच्या दोन्ही अंगांचे तलाव भरले होते. रस्त्याकडेला आपल्याकडची गोरखचिंच, तीच ती फुगीर बुंध्याची. तिची मोठाली फळे बाया टोपलीत घेऊन बसल्या होत्या. हिंदीत तिला खुरासानी इमली म्हणतात, पण येथे ‘मांडू की इमली’. होशंगशाहाची संगमरवरी कबर, जामी मशीद, रूपमतीचा मंडप हे सारे पाहण्यासारखेच आहे. पण आमची विद्यार्थिनी आम्हाला त्यासाठी घेऊन गेली नव्हती. तिने एका फळवाल्या बाईपाशी बसकण मारली आणि माळवीमिश्रित हिंदीत बोलू लागली. बाई भिल्ल समाजाची. घरचे पुरुष गुजरातेत मजुरीला, बरोबर दोन मुलेही गेलेली. शाळेच्या पटावर नावे आहेत, मुले नाहीत. आमच्या विद्यार्थिनीचा विषय हाच: कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाचे काय होते? ही मुले घरी भिली बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि वर्षातले काही महिने गुजराती मुलखात काढतात. ‘सर, मी हा विषय का घेतला ते तुम्हाला सांगायला नको,’ ती म्हणाली. खरेच नको होते. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी, ही गत असलेली किती मुले आम्ही वर्गात पाहिली आहेत!

मालव्याशी समाजशास्त्राचे नाते जुने आहे. सर जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथ १८२३ सालचा. त्यात इथल्या समाजाचे तपशीलवार वर्णन आहे. पण ज्याला आज या विषयातला विद्यार्थी टाळू शकत नाही असे पुस्तक म्हणजे एड्रियन मेयर यांचे ‘कास्ट अँड किनशिप इन सेंट्रल इंडिया’, प्रकाशन १९६०. मेयर १९५४ ते १९५६ या काळात देवास जिल्ह्यातील एका गावात राहिले. गावाचे खरे नाव झाकून त्यांनी पुस्तकात ‘रामखेडी’ असे नाव दिले. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, कोणाच्या हातचे पाणी चालते, हुक्का कोणाबरोबर ओढला जातो, लग्ने कोणत्या गावांत होतात, हे सारे त्यांनी टिपले. त्यातून त्यांना दिसले ते असे, की गावाच्या आत जात पंगतीत आणि पाणवठ्यावर दिसते, तर गावाबाहेर तीच जात, किंबहुना पोटजात, सोयरिकीच्या जाळ्यात दिसते. पुढे १९६१ सालच्या देवास नगरपालिका निवडणुकीवर त्यांनी निबंध लिहिला. उमेदवार मते गोळा करताना कोणाच्या ओळखीने कोणापर्यंत पोहोचतो, जात, धंदा, तालीम, उधारी यांतले कोणते नाते कोठे कामी येते, याचा तो हिशेब आहे. आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या कोणालाही त्यात नवल वाटणार नाही. नवल याचे वाटते, की हे लिहायला माणूस परदेशातून यावा लागला आणि वाचायला इंग्रजी यावी लागते.

याचा अर्थ आपल्यात कोणी नव्हते असा नाही. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला, आणि ज्यांनी पुढे तो नावारूपाला आणला ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मलेले. इरावती कर्वे यांनी एम.ए.चा अभ्यास त्यांच्याच हाताखाली केला. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवासही घुर्यांचेच विद्यार्थी; म्हैसूरकडील विवाह आणि कुटुंब हा विषय घेऊन त्यांनी मुंबईत मराठी गुरूच्या मार्गदर्शनाखाली काम केले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. भाषेच्या प्रश्नावर आमची बाजू काय आहे ती वाचकांना ठाऊक आहे, पण कानडी समाजाचा उत्तम अभ्यास मराठी गुरूकडे होऊ शकला, हेही ठाऊक असलेले बरे.

आता मूळ मुद्द्याकडे. आपल्या गावची मुलगी किंवा मुलगा समाजशास्त्रात पुढे शिकू म्हणाला, तर वाटेत काय काय येते?

दाराशीच अडते ते येथे

एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर बहुतेक विद्यापीठांत चालतो. आमच्या विद्यार्थिनीने लग्नानंतर एम.ए. केले ते मध्य प्रदेशात ज्याला ‘स्वाध्यायी’ म्हणतात त्या पद्धतीने, म्हणजे घरी अभ्यास करून नुसती परीक्षा देऊन. पीएच.डी. मात्र अशी होत नाही. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत मनाई आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. त्याला नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत दाखला लागतो. शाळेत शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सध्याचे नियम आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. त्यांनुसार एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, क्रीमी लेयरमध्ये न मोडणारे इतर मागास, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत. पूर्वी एम.फिल. नावाची एक मधली पायरी होती, ती याच नियमांनी बंद झाली. कोणी ‘आधी एम.फिल. कर’ असा सल्ला दिला तर तो जुना आहे असे समजावे.

प्रवेश मिळाल्यावर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता शिकावी लागते. मेयर यांनी गावाचे नाव का झाकले, हे आमच्या विद्यार्थिनीला तेव्हा उमगले. तिच्या वहीत मांडूच्या बायांची नावे नाहीत, ‘क’, ‘ख’, ‘ग’ आहेत. दर सत्राला सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल द्यावा लागतो. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. सुनेच्या शिक्षणाला ‘आता कोठे वेळ मिळणार’ म्हणणाऱ्या घरांत हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. धारच्या सासूबाईंना तो पाठ होता! सुनेच्या नोंदणीची तारीखही त्यांनी कॅलेंडरवर लाल शाईने मांडून ठेवली आहे.

पण सर्वांत मोठी अडचण नियमात नाही, ती गाईडमध्ये आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे जागा किती, हे विभागाच्या दारावरच्या पाटीवरून कळत नाही. कोणाकडे जागा रिकामी आहे ते विचारत फिरावे लागते. आमच्या विद्यार्थिनीने दोन वर्षे इंदूर आणि उज्जैन अशा खेपा घातल्या. खेडेगावच्या मुलाला कोणाला, कसे आणि कोणत्या भाषेत विचारावे हेच कळत नाही, आणि तो परत येतो. परतलेल्यांची नोंद कोठेच होत नाही.

पैसा आणि भाषा

पैशाचे सांगायचे तर, केंद्राची नेट परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. गावच्या कोणत्याही नोकरीला लाजवील अशी ही रक्कम आहे, आणि ती समाजशास्त्रालाही तितकीच मिळते जितकी इतर विषयांना. ‘कोणाचे पोट भरले आहे’ हे आमचे वाक्य येथे आम्हालाच टोचते. वयाची अट ३० वर्षे. स्त्रिया आणि मागासवर्गीय यांना ५ वर्षांची सूट. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरले जातात: ७० टक्के भार परीक्षेला, ३० टक्के मुलाखतीला. काही विद्यापीठे अजूनही स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तेव्हा ज्याच्या दारात जायचे त्याची जाहिरात वाचावी. घरात एकुलती एक मुलगी असेल तर आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची स्वतंत्र फेलोशिप आहे. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी राष्ट्रीय फेलोशिप आहेत.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी.ला चांगले साहाय्य देतात, पण ते महाराष्ट्राच्या रहिवाशांना. येथे आपले घोडे पेंड खाते. सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत महाराष्ट्राने स्वतंत्र तरतूद ठेवली आहे. ती पाहून काही पालक असे धरून चालतात की सगळीकडेच ती लागू असणार. तसे धरू नये. ज्या विद्यापीठात आणि ज्या फेलोशिपला अर्ज करायचा तेथे ‘८६५ गावांतील उमेदवार पात्र आहे काय’ असे लेखी विचारावे आणि लेखीच उत्तर घ्यावे. तोंडी ‘हो हो’वर विसंबून वर्ष वाया घालवलेले एक घर आम्हाला ठाऊक आहे.

आणि भाषा! नेटची समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मुलगा तेथे दोन्हीकडून परका. महाराष्ट्र-गोव्याच्या सेट परीक्षेत समाजशास्त्राचे प्रश्न मराठीतही असतात, पण सेटने प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. घटनेच्या ३५०-अ कलमाने मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे ते प्राथमिक टप्प्यापुरते. पुढे वाढत जाणारा मुलगा आणि त्याची भाषा यांची ताटातूट होते, ती कोणत्याही कलमात बसत नाही. आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना लिहिले, की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. चांगले आहे. पण आपल्या भागात ‘स्थानिक’ म्हणजे कोणती भाषा, हे लगेच कोण ठरवणार ते वाचकांनी ओळखावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. आम्हीही पेढे वाटले. पण नेटच्या प्रश्नपत्रिकेच्या दोन भाषांत त्याने तिसरी भर पडली नाही.

माळव्यात आमच्या विद्यार्थिनीला हिंदी आधाराला आली, पण तिनेही ठेचा दिल्या. मुलाखतीत ती आत्मविश्वासाने म्हणाली, ‘मुझे संशोधन करना है.’ समोरचे गृहस्थ गोंधळले. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती; आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते शोध म्हणतात. ‘काहे में संशोधन?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा तिला कळेना की आपले काय चुकले. तिच्या विषयात तर खड्डाच होता. आपण कामासाठी गाव सोडण्याला स्थलांतर म्हणतो, हिंदीत त्याला प्रवास किंवा प्रवासन म्हणतात. ‘प्रवासी मजदूर’ असा शब्द वाचून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांपुढे एस.टी.त बसलेले मजूर आले! ‘शिक्षा कहाँ हुई?’ हा प्रश्न तर आमच्या सहकाऱ्यांना इतका आवडला की परतीच्या प्रवासात ते तो चार वेळा म्हणाले. हसण्यावारी नेता येते, पण अकरा मिनिटांच्या मुलाखतीत एका शब्दावर दोन मिनिटे गेली तर उमेदवार मंद ठरतो. तिला पहिल्या वर्षी नाकारले गेले ते याचमुळे, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्या वर्षी ती तयारीने गेली आणि घेतली गेली.

तयारी म्हणजे एक दोनशेपानी वही. डावीकडे मराठी, मध्ये हिंदी, उजवीकडे इंग्रजी संज्ञा. नातेसंबंध, नातेदारी, किनशिप. संशोधन, शोध, रिसर्च. प्रबंध, शोध-प्रबंध, थीसिस. मराठीच्या रकान्यासाठी तिने स. मा. गर्गे यांच्या संपादनाखालील भारतीय समाजविज्ञान कोशाचे खंड चाळले होते. ते खंड आमच्या गावच्या वाचनालयात नाहीत. तिला इंदूरच्या एका जुन्या मराठी घरात मिळाले.

जेवताना सासरे कुमार गंधर्वांच्या आठवणी सांगत होते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी १९४८ साली आजारपणामुळे देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तेथेच राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी बायांची गाणी कान देऊन ऐकली, पुढे ती जमवली आणि त्यांतून राग बांधले. ‘तुमच्याकडचा माणूस इकडे येऊन आमचे लोक ऐकून गेला,’ सासरे म्हणाले, ‘आता ही आली आहे.’ सुनेने विषय बदलला आणि आम्हाला आणखी एक पोळी वाढली.

निघताना आम्ही तिच्याजवळ त्या जुन्या सल्ल्याचा विषय काढला. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही नाही म्हणालात त्याचे काही नाही. काय लागते ते तरी सांगायला हवे होते.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या समितीच्या साहाय्य निधीतून आजवर वैद्यकी, अभियांत्रिकी आणि डी.एड. यांनाच मदत गेली. जमाखर्चाची वही काढून पाहिली. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक रुपयाही गेलेला नाही. अर्जच आला नव्हता, असे सभेत एक सभासद म्हणाले. खरे आहे. अर्जाच्या छापील नमुन्यात तो रकानाच नव्हता. आता तो घातला आहे. नेटचे परीक्षा शुल्क, विद्यापीठांच्या चौकशीसाठी दोन खेपांचे भाडे आणि प्रबंधाच्या छपाईचा काही भाग, एवढे तूर्त देता येईल. गर्गे यांच्या कोशाचे खंड वाचनालयासाठी मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे; कोणाच्या घरी धूळ खात असतील तर द्यावेत.

धारहून आणलेल्या वहीच्या छायाप्रती वाचनालयात ठेवल्या आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे असतो. समाजशास्त्रात पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पदवीच्या गुणपत्रिकेची आणि रहिवासी दाखल्याची प्रत घेऊन यावे. बरोबर पालक आले तर उत्तम, नाही आले तरी यावे.